चुन्यात शिजविलेल्या मक्याची भाकरी : घरच्या घरी करावयाची रीत

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या सोमेश्वरनगरच्या परिसरात ऊस हे मुख्य पीक होय. तथापि उसाचा खोडवा मोडल्यावर, अथवा दोन लागणींच्या मधल्या काळात, बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांत मका मोठ्या प्रमाणावर घेतला जातो. त्यातील पुष्कळसा मका हिरवा असतानाच कापून दुभत्या जनावरांसाठी मुरघास म्हणून दाबला जातो आणि वाळलेला दाणा बाजारसमितीमार्फत कोंबडीखाद्याच्या कारखान्यांकडे जातो. घरात येतो तो बहुधा कोवळ्या कणसांच्या रूपाने. भाजून, उकडून किंवा किसून त्याची चव घेतली की मक्याचा आणि स्वयंपाकघराचा संबंध संपतो.

वाळलेल्या मक्याची भाकरी आपल्याकडे कोणी करतच नाही असे नव्हे. परंतु ती एकदा केलेल्या गृहिणीची तक्रार ठरलेली असते. पीठ चिकट होत नाही, थापताना कडा फुटतात, तव्यावर टाकताना भाकरी तुटते आणि निवल्यावर ती कडक होते. म्हणून ज्वारी-बाजरी महाग झाली तरी घरचा मका विकून धान्य विकत आणण्याकडेच कल राहतो. ही तक्रार खरी आहे. परंतु दोष मक्याचा नसून रीतीचा आहे. मका ज्या देशातून जगभर गेला, तेथे तो चुन्याच्या पाण्यात शिजविल्याखेरीज भाकरीसाठी वापरीत नाहीत. दाणा आपल्याकडे आला, त्याची ही रीत मात्र मागेच राहिली. ती रीत कोणती, तिच्यामागील कारण काय आणि आपल्या घरातील साधनांनी ती कशी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

मका आणि चुना यांचा संबंध

मका हे मूळचे मेक्सिको व त्याच्या शेजारच्या प्रदेशातील पीक आहे. पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे ते सोळाव्या शतकाच्या सुमारास भारतात आले असे सामान्यतः मानले जाते. मेक्सिकोतील लोक मक्याच्या पातळ, लहान भाकरीला ‘तोर्तिया’ म्हणतात. तेथील स्त्रिया मका चुन्याच्या किंवा लाकडाच्या राखेच्या पाण्यात शिजवून, रात्रभर मुरवून, धुऊन मग वाटतात. ही रीत तीन हजार वर्षांहून जुनी समजली जाते. त्यांचा वाटावयाचा दगड आपल्या पाट्याचाच भाऊबंद असून त्यांचा तवाही आपल्या मातीच्या तव्यासारखाच असे. त्यामुळे ही कृती आपल्या गृहिणींना परकी वाटण्याचे कारण नाही.

चुन्याने तीन गोष्टी साधतात.

पहिली गोष्ट म्हणजे दाण्यावरील जाड, चिवट टरफल सैल होऊन निघते. उरलेला थोडा अंश चिकट होतो व दाण्यातील पिठूळ भागही अर्धवट शिजतो. यामुळे वाटलेले पीठ एकजीव होते आणि भाकरी न तुटता थापली जाते. मक्यात गव्हासारखा चिवटपणा नसतो. ती उणीव या प्रक्रियेने बऱ्याच अंशी भरून निघते.

दुसरी गोष्ट अशी की दाणा चुन्यातील कॅल्शियम शोषून घेतो. हाडे व दात यांना लागणाऱ्या या द्रव्याचे प्रमाण साध्या मक्यापेक्षा अशा भाकरीत कितीतरी पटींनी वाढते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मक्यात ‘ब’ गटातील नियासिन नावाचे जीवनसत्त्व असते, परंतु ते अशा रीतीने बांधलेले असते की साध्या शिजविण्याने शरीरास त्याचा फारसा लाभ होत नाही. चुन्याच्या पाण्यात शिजविल्याने ते मोकळे होते. या एका गोष्टीच्या अज्ञानाने फार मोठी हानी झालेली आहे. युरोपात मका गेला तो चुन्याच्या रीतीवाचून गेला. गरिबांचे सर्व अन्न जेथे मक्यावर येऊन ठेपले तेथे एक नवा रोग दिसू लागला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट, खरखरीत चट्टे उठत, जुलाब लागत आणि पुढे बुद्धिभ्रंश होऊन रोगी दगावत. स्पेनमधील वैद्य गास्पार कासाल यांनी 1735 मध्ये या रोगाचे वर्णन केले. इटलीत त्यास ‘पेलाग्रा’ हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातही त्याने हजारो बळी घेतले. हा रोग संसर्गाचा नसून निकृष्ट आहाराचा आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1914 नंतरच्या संशोधनाने दाखवून दिले. 1937 मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांच्या संशोधनातून त्यावरील गुणकारी द्रव्य नियासिन हेच असल्याचे स्पष्ट झाले. ज्या मेक्सिकोत पिढ्यान्पिढ्या मकाच खाल्ला जात होता, तेथे मात्र या रोगाचा उपद्रव क्वचितच होता.

पेलाग्रा दख्खनलाही अपरिचित नाही. केवळ ज्वारीवर राहणाऱ्या गरीब लोकांत तो हैदराबादकडे आढळत असे व त्याचा अभ्यास डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकंठिया यांनी 1960 च्या सुमारास केला. ज्या घरी दूध, डाळ, शेंगदाणे व भाजीपाला रोज पोटात जातो त्या घराने मक्याला भिण्याचे कारण नाही. परंतु जेथे भाकरी हेच बहुतेक सर्व जेवण असते, तेथे मका खावयाचा तर तो चुन्यात शिजवूनच खावा, हे ध्यानात ठेवावे.

धान्याची निवड : येथे हयगय नको

भाकरीसाठी पांढरा किंवा पिवळा कोणताही पूर्ण पक्व मका चालतो. पिवळ्या मक्यात ‘अ’ जीवनसत्त्वाला उपयोगी पडणारा रंग असतो. पांढऱ्याची भाकरी दिसावयास ज्वारीसारखी होते. आपल्याकडील मका बहुधा कठीण, काचेसारख्या दाण्याचा असल्यामुळे त्यास शिजण्यास थोडा अधिक वेळ लागतो, इतकेच.

पेरणीसाठी औषध लावलेले बियाणे उरले असेल तर ते कोणत्याही कारणाने खाण्यास घेऊ नये. अशा दाण्यावर बहुधा लाल-गुलाबी रंग दिलेला असतो. तो रंग धुऊन काढला तरी विष जात नाही.

याहून अधिक सावधगिरी बुरशीविषयी बाळगावी. आपल्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात सप्टेंबरचा पाऊस महत्त्वाचा असतो आणि खरिपाचा मका पक्व होऊन काढणीस येतो तोही त्यानंतर लगेचच. परतीच्या पावसात भिजलेली कणसे खळ्यावर ढीग करून ठेवली तर दाण्यावर पिवळसर-हिरवी बुरशी धरते. तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते व ते यकृतावर घात करते. 1974 मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांच्या आदिवासी गावांत अवकाळी पावसाने भिजलेला मका खाल्ल्यामुळे सुमारे चारशे माणसांना कावीळ व जलोदर झाला आणि त्यांतील सुमारे शंभर दगावली. त्या गावांतील कुत्रीही मेली. मका हेच त्यांचे मुख्य अन्न होते व दुसरे धान्य घरात नव्हते, म्हणून बुरसटलेले धान्य टाकून देणे त्यांना शक्य झाले नाही.

हे विष शिजविल्याने नाहीसे होत नाही. चुन्यात शिजविल्याने ते काही अंशी कमी होते, परंतु त्यावर भरवसा ठेवून खराब मका खाणे हे जिवावर बेतणारे आहे. बुरसटलेला मका जनावरांनाही घालू नये. त्या विषाचा अंश दुधात उतरतो व ते दूध आपल्याच मुलांच्या पोटात जाते.

म्हणून कणसे झाडावर पूर्ण पिवळी पडून वाळल्यावर, दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसू लागला म्हणजे काढणी करावी. कणसे सोलून, ताडपत्रीवर पातळ पसरून उन्हात वाळवावीत व मळणीनंतर दाणे पुन्हा ऊन द्यावे. साठवणीच्या वेळी दाण्यातील ओल शेकडा 12 च्या आसपास असावी. ती अजमावण्याची सोपी युक्ती अशी : काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर मका व चमचाभर अगदी कोरडे मीठ घालून, झाकण लावून दोन-तीन मिनिटे हलवावे व थोडा वेळ ठेवावे. मीठ बरणीच्या आतल्या बाजूस चिकटले तर दाण्यात ओल जास्त आहे असे समजावे व धान्यास पुन्हा ऊन द्यावे. मीठ सुटे राहिले तर धान्य साठवणीजोगे झाले.

साहित्य

एक किलो निवडलेला मका, तीन लिटर पाणी आणि दहा ग्रॅम कोरडा खाण्याचा चुना, म्हणजे धान्याच्या शंभरावा भाग, एवढे साहित्य लागते. पानाला लावण्याचा ओला चुना घेतल्यास त्यात निम्म्याच्या आसपास पाणी असते. म्हणून तो वीस ग्रॅम घ्यावा. चुना स्वच्छ, खाण्यायोग्य व बिनवासाचा असावा. सुगंध किंवा रंग मिसळलेला चुना, भिंतीस देण्याचा सफेदीचा चुना अथवा इमारतीचा चुना कधीही वापरू नये. कळीचा चुना आणून घरी भिजविण्याच्या खटपटीत गृहिणींनी पडू नये. तो पाण्यात पडताच उकळून अंगावर उडतो.

केवळ चुन्याची निवळी घेऊन हे काम होत नाही, हे येथे सांगणे जरूर आहे. एका लिटर पाण्यात चुना जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतो. तीन लिटर निवळीत तो फार तर पाच ग्रॅम येईल, म्हणजे हवा त्याच्या निम्मा. म्हणून चुना पाण्यात कालवून ते दुधाळ पाणीच वापरावे. दाणा जसजसा विरघळलेला चुना ओढून घेतो तसतसा खालचा चुना विरघळत जातो.

भांडे स्टीलचे किंवा मातीचे असावे. अॅल्युमिनियमचे, म्हणजे ज्यास घरात जर्मनचे म्हणतात ते भांडे चुना खातो; म्हणून ते घेऊ नये. तांब्या-पितळेची व कल्हईची भांडीही या कामास वर्ज्य समजावीत.

चुना कातडीस व डोळ्यांस बाधक आहे. तो हाताने न कालवता पळीने कालवावा व मुलांना जवळ येऊ देऊ नये. डोळ्यात उडाल्यास डोळा न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा व ताबडतोब डॉक्टरकडे जावे.

कृती

1. शिजविणे. हे काम सायंकाळी करावे. मका निवडून, पाखडून दोन पाण्यांनी धुवावा. वर तरंगणारे पोकळ दाणे काढून टाकावेत. भांड्यात तीन लिटर पाणी घेऊन त्यात चुना कालवावा व मका टाकावा. थोड्याच वेळात पिवळ्या दाण्याचा रंग गडद होतो. चुना लागू पडल्याची ती खूण होय. मंद आचेवर उकळी आणून पुढे तीस ते पंचेचाळीस मिनिटे हलकी उकळी ठेवावी व अधूनमधून पळीने तळापासून हलवावे. एक दाणा काढून, पाण्याने धुऊन चिमटीत चोळावा. टरफल सरकून निघाले व दाणा तोडला असता मध्ये थोडा कच्चा, पांढरा ठिपका राहिला असेल तर भांडे उतरवावे. दाणा पूर्ण मऊ होऊ देऊ नये. प्रेशर कुकर वापरू नये. त्यात दाणा फुटून लगदा होतो.

2. मुरविणे. भांडे झाकून रात्रभर, म्हणजे दहा-बारा तास तसेच ठेवावे. या अवधीत चुन्याचे पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचते. घाई करून हा वेळ कमी केल्यास पीठ भुसभुशीत राहते.

3. धुणे. सकाळी वरचे पिवळे, बुळबुळीत पाणी ओतून टाकावे. मका रोवळीत घेऊन तीन वेळा स्वच्छ पाण्यात चोळून धुवावा. सुटलेली टरफले पाण्याबरोबर जातात. थोडी टरफले राहिली तरी चालतील. त्यांनीच पिठास चिकटपणा येतो. मात्र धुणे अपुरे झाले तर भाकरीस साबणासारखा वास व कडवट चव येते.

ओतलेले पाणी जनावरांच्या हौदात, विहिरीजवळ किंवा झाडांच्या बुडाशी टाकू नये. कालव्याखालील आपल्या जमिनी आधीच क्षारपड व चोपण होत आहेत. त्यांत या पाण्याची भर नको. घरगुती प्रमाणातील पाणी भरपूर साध्या पाण्यात मिसळून शोषखड्ड्यात सोडावे.

4. वाटणे. पाट्यावरवंट्यावर किंवा ओले दळण वाटण्याच्या यंत्रात हा मका उत्तम वाटला जातो. मिक्सर वापरावयाचा असेल तर थोडा थोडा मका घेऊन, चमच्याचमच्याने पाणी घालून, मध्ये थांबत थांबत वाटावे. पीठ शक्य तितके बारीक व शक्य तितके घट्ट असावे. पाणी जास्त झाल्यास त्यात थोडे कोरडे ज्वारीचे किंवा मक्याचे पीठ मिसळून सारखे करावे. ओला मका पिठाच्या गिरणीत देऊ नये, जाते तुंबते. एक किलो मक्यापासून सुमारे दीड ते पावणेदोन किलो ओले पीठ होते.

5. मळणे. पिठात चवीपुरते मीठ घालून तळहाताने चांगले रगडावे व ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावे. लिंबाएवढी गोळी करून दाबून पाहावी. कडा फुटल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळावे. हातास चिकटली तर पीठ सैल आहे असे समजावे.

6. थापणे व भाजणे. लाडवाएवढा उंडा घेऊन ज्वारीच्या भाकरीप्रमाणे परातीत थापावा. नवशिक्यांनी प्लॅस्टिकच्या दोन स्वच्छ कागदांमध्ये उंडा ठेवून वरून सपाट बुडाच्या ताटलीने अथवा लहान पाटाने दाबावा. म्हणजे वीतभर रुंदीची, एकसारखी पातळ भाकरी होते. लोखंडी तवा चांगला तापलेला असावा. पाण्याचा थेंब टाकल्यास तो नाचत उडून गेला पाहिजे. भाकरी टाकून अर्ध्या मिनिटात कडा सुटू लागल्या की उलटावी. दुसरी बाजू मिनिटभर भाजून तांबूस ठिपके आले म्हणजे पुन्हा उलटून फडक्याने हलके दाबावे, भाकरी फुगते. भाजलेल्या भाकरी दुरडीत फडक्यात गुंडाळून एकावर एक ठेवाव्यात. दहा मिनिटांत त्या आपल्या वाफेने मऊ होतात व निवल्यावरही मोडत नाहीत.

ओले पीठ त्याच दिवशी वापरावे, ठेवल्यास आंबते. ज्यांना रोज एवढी खटपट शक्य नाही त्यांनी धुतलेला मका कडक उन्हात पूर्ण वाळवून गिरणीतून दळून आणावा. या पिठाची भाकरी कोमट पाण्यात मळून करता येते. ती ताज्या पिठाच्या भाकरीइतकी मऊ होत नाही, तरी कच्च्या मक्याच्या पिठाहून पुष्कळ चांगली होते.

भाकरीबरोबर काय खावे

मक्याच्या प्रथिनात लायसिन व ट्रिप्टोफॅन ही दोन आवश्यक द्रव्ये कमी असतात. ही उणीव चुन्याने भरून निघत नाही. ती कडधान्याने निघते. मेक्सिकोतील शेतकरी तोर्तियाबरोबर घेवड्याची उसळ खातात. शेजारच्या सातारा जिल्ह्यात कोरेगावकडे पिकणारा वाघ्या घेवडा हा त्याच जातीचा आहे. आपल्याकडे मटकीची उसळ, पिठले किंवा तुरीचे वरण यांपैकी काहीही या भाकरीबरोबर घ्यावे. त्यात शेंगदाण्याची चटणी व वाटीभर ताक यांची जोड दिली म्हणजे ते पुरे जेवण होते. ज्यांना डॉक्टरांनी कॅल्शियम बेताने घेण्यास सांगितले असेल त्यांनी ही भाकरी त्यांना विचारून खावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

ही रीत सांगून पटत नाही, दाखवून पटते. महिला बचत गटाच्या किंवा अंगणवाडीच्या बैठकीस जोडून प्रात्यक्षिक ठेवावे. आदल्या सायंकाळी गावातीलच एखाद्या घरी तिथल्याच मक्याचा किलोभर दाणा चुन्यात शिजवावा, म्हणजे चुन्याचे माप व दाण्याची परीक्षा बायकांना समक्ष पाहता येईल. दुसऱ्या सकाळी साध्या मक्याच्या पिठाची एक भाकरी व चुन्यातील मक्याची एक भाकरी एकाच तव्यावर भाजावी. दोन्ही तासभर ठेवून घडी घालून दाखवाव्यात. जी मोडते व जी मोडत नाही त्यांतील फरक पाहिल्यावर अधिक व्याख्यानाची जरूर राहात नाही. त्याच बैठकीत मिठाच्या बरणीची परीक्षा करवून घ्यावी, व बुरसटलेला आणि चांगला दाणा दोन वाट्यांत शेजारी शेजारी दाखवावा.

प्रथम सर्व घराचे धान्य बदलण्याचा आग्रह धरू नये. आठवड्यातून दोन दिवस ही भाकरी करून पाहावी, मुलांना रुचते का ते पाहावे व मग प्रमाण ठरवावे. मका विकून येणारे पैसे व तेवढ्याच पैशांत मिळणारी ज्वारी यांचा हिशेब प्रत्येक घराने आपल्या बाजारभावाने मांडून पाहावा. शेतकऱ्याने आपल्या शेतातील स्वच्छ, वाळलेल्या मक्यातून वर्षाच्या भाकरीचे एक पोते आधी घरात ठेवले व उरलेला बाजारात नेला, तर टंचाईच्या वर्षी त्या पोत्याची किंमत त्याला कळून येईल.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

धान्य बुरशीरहित व पूर्ण वाळलेले असावे. बियाण्याचा मका खाऊ नये. किलोस दहा ग्रॅम कोरडा खाण्याचा चुना व तीन लिटर पाणी घ्यावे. जर्मनचे भांडे वापरू नये. टरफल सुटेपर्यंत शिजवावे, रात्रभर मुरवावे, तीन पाण्यांनी धुवावे. भाकरीबरोबर कडधान्य अवश्य खावे.